बंद पाठीचा हेडफोन

"मग यातला कोणता ठेवू, नाना?"

देवळाच्या पायरीवर तीन हेडफोन ओळीनं मांडले होते. दोन काळे, एक करडा. भिकाजी गुरवांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ते परातीतली कणीक मळत राहिले.

धूपारतीला अजून तासभर होता. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय त्यातून खर्ज निघत नाही. हे काम नानांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही दुसऱ्या कुणाच्या हाती दिलेलं नव्हतं. वैजनाथच्या तर नाहीच. सात वर्षं तो त्यांच्याकडे शिकत होता आणि सात वर्षं त्याची कणीक जास्तच होत होती.

"तिन्ही विकत घेतलेस?"

"नाही. मागवलेत. दहा दिवसांत दोन परत पाठवता येतात."

"बरी सोय आहे."

"तिन्हींची पाठ बंद आहे," वैजनाथ म्हणाला. तो तासाभराच्या अंतरावरच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. समोर कुणीही असलं तरी त्याचा आवाज फळ्यापुढं उभं राहिल्यासारखा व्हायचा. "पाठ उघडी असलेलेही मिळतात. त्यांचा आवाज जास्त मोकळा असतो. पण ते घरात बसून ऐकायचे. बाहेरचं सगळं आत येतं, आतलं बाहेर जातं. चार माणसांत चालत नाहीत."

"चार माणसांना त्रास होतो."

"हो. शेजारच्याला ऐकू जातं."

"म्हणजे शेजारच्यासाठी घेतोयस."

"तसंही म्हणा."

नानांनी कणकेवर पाण्याचा हात फिरवला.

"आणि खर्ज दणकट हवा," वैजनाथ पुढं म्हणाला. "मी रोज जातो त्या बसच्या इंजिनाचा आवाज खालचाच असतो. त्याच्यावर मात करायची तर खालूनच करावी लागते. म्हणून तुमच्याकडे आणले. यंत्रावर मोजून झालंय माझं. पण डाव्या हाताचं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

"यंत्र काय म्हणतं?"

"पहिला सगळ्यांत जोरदार आहे."

"मग तोच घे की."

"तुम्ही ऐका तर..."

नानांनी हात धुतले, पंच्याला पुसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. वैजनाथनं पहिला हेडफोन त्यांच्या पांढऱ्या केसांवर बसवला आणि मोबाइलवर वादन लावलं. नाना डोळे मिटून ऐकू लागले. कान झाकलेल्या माणसाचं बोलणं नेहमीच जरा मोठं होतं, त्यांचंही झालं.

"बरा वाजवतो हा. कुठला आहे?"

वैजनाथला हसू आलं. "तुम्हीच आहात, नाना. मागच्या शिवरात्रीला मी रेकॉर्ड केलं होतं."

"मी नाही हा."

"अहो, तुम्हीच."

"माझी कणीक मला माहीत आहे," नाना म्हणाले आणि हेडफोन काढून खाली ठेवला. "याला कुणीतरी शेरभर जास्त लावलीय. आवाज मोठा झालाय. खोल नाही झाला."

दुसरा त्यांनी पुरा ऐकलाच नाही. पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखं वाटतं म्हणाले.

तिसरा, करडा, त्यांनी बराच वेळ कानावर ठेवला. मधूनच त्यांचा डावा पंजा मांडीवर हलकेच टेकायचा. देवळाच्या कुंडाकडून एक म्हातारी घागर घेऊन आली, नानांना काहीतरी म्हणाली, उत्तराची वाट पाहिली आणि मान हलवत निघून गेली. नानांना तिचा पत्ताही लागला नाही.

"हा खरा आहे," शेवटी ते म्हणाले. "हा मीच."

वैजनाथला बरं वाटलं. त्याचीही निवड तीच होती. पण पसंती गुरूची असली की माणसाला आपली निवड जरा उंच झाल्यासारखी वाटते.

"फक्त एक अडचण आहे," तो म्हणाला. "माझा चष्मा. काडी हेडफोनच्या उशीखाली येते आणि फट पडते. केसाएवढी. पण तेवढ्या फटीतून सगळा खर्ज निघून जातो. उशी कानाभोवती घट्ट बसली पाहिजे."

"मग?"

"चष्मा काढून ऐकायचं."

"चष्म्याशिवाय किती दिसतं तुला?"

"हात लांब केला तर बोटं मोजता येतात."

"आणि त्याच्या पुढं?"

"पुढं... रंग दिसतात."

नानांनी टोपी डोक्यावर ठेवली. "ऐकायचं नाही, बघायचं नाही. मग बसनं कशाला जातोस? पोत्यात बस, तोंड शिवून टपावर टाकायला सांगतो."

वैजनाथ हसला. नानाही हसले.

"स्टँडवर आता कोण बोलतं रे?" नानांनी विचारलं.

वैजनाथनं दोन काळे हेडफोन बाजूला सरकवले.

त्याचे वडील, दिनकर ताटे, त्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. सव्वीस वर्षं. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागतेय, कोणती उशिरा येतेय, कुणाचं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं त्या गावानं त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. चार महिन्यांपूर्वी एका दुपारी त्यांना केबिनमध्ये कसंतरी व्हायला लागलं म्हणून ते बाहेरच्या बाकावर येऊन बसले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

वैजनाथ तेव्हा वर्गात होता. फोन बंद होता.

"एक बाई आल्यात म्हणे," नाना म्हणाले. "कशा बोलतात?"

"माहीत नाही."

"रोज तिथूनच जातोस ना?"

"कानात वायर असते माझ्या. ती पुरत नाही म्हणून तर हे घेतोय."

"हं..."

कुंडावर कुणीतरी कपडे आपटत होतं. त्याचा आवाज थोडा उशिरा भिंतीवरून परत येत होता. वैजनाथ तो मोजत बसला. मग त्याच्याच्यानं राहवलं नाही.

"नाना, तिथं मला कुणी ना कुणी गाठतंच. रोज. सोन्यासारखा माणूस होता. फार लवकर गेले. आम्ही त्यांच्या आवाजावर घड्याळ लावायचो. ही तीन वाक्यं. माणसं बदलतात, वाक्यं तीच. मी हो म्हणतो. दुसरं काय म्हणणार?"

"खोटं बोलतात का ते?"

"नाही. पण मला जे ऐकायचंय ते त्यांच्यापाशी नाही."

"काय ऐकायचंय तुला?"

वैजनाथनं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. तो स्वच्छच होता.

"बाकावर बसल्यावर त्यांना कुणीतरी पाणी दिलं. कॅन्टीनवाल्यानं लांबून पाहिलं. एक माणूस त्यांना धरून बसला होता म्हणाला, पंधरा-वीस मिनिटं. दोघं बोलत होते. मग रिक्षा आली, धावपळ झाली, आणि त्या माणसाची गाडी लागली, तो गेला. कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही. स्टँडच ते. दर दहा मिनिटांनी माणसं बदलतात." तो थांबला. "काय बोलत होते, एवढंच..."

"विचारलंस कुणाला?"

"पहिल्या आठवड्यात विचारलं. मग सोडून दिलं."

"आणि कान झाकलेस."

"दोन्हींचा काय संबंध, नाना?"

नानांनी कणकेचा गोळा उचलला, हातावर तोलला आणि त्यातला चिमूटभर तोडून परत परातीत टाकला.

"उद्या सकाळी मी स्टँडवर येतो," ते म्हणाले. "इथं देवळात काय परीक्षा होणार त्याची? इथं आहे कोण?"

---

दुसऱ्या दिवशी आठ वाजता नाना काठी टेकत स्टँडवर आले, तेव्हा वैजनाथ तीन नंबरच्या फलाटासमोरच्या बाकावर बसलेला होता. शिस्तशीर माणूस. करडा हेडफोन मांडीवर ठेवून त्यानं परीक्षेची रीतही ठरवून ठेवली होती.

"मी घालून बसतो. बाहेरचं आत येतं का ते मी सांगेन. तुम्ही शेजारी बसा. आतलं बाहेर येतं का ते तुम्ही सांगा. पूर्ण वादन बत्तीस मिनिटांचं आहे."

"मध्येच काढावासा वाटला तर?"

"नाही काढणार."

"वाटलं तर काढ. मी काढ म्हणणार नाही आणि ठेवही म्हणणार नाही."

"बत्तीस मिनिटं बसलो नाही तर परीक्षा कसली?" वैजनाथ म्हणाला. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला, उश्या कानाभोवती नीट बसवल्या, कडेनं बोट फिरवून फट राहिली नाही ना ते पाहिलं आणि वादन सुरू केलं.

स्टँड गेलं.

खरोखरच गेलं. जिथं गाडी उभी होती तिथं एक लाल चौकोन उरला. जिथं माणसं होती तिथं ठिपके उरले. ते सरकत होते, एकमेकांत मिसळत होते, पण कुणाचंच कुणी लागत नव्हतं. आणि आत नानांचा डावा हात. जमिनीखालून कुणीतरी सावकाश चालत यावं तसा. लाल चौकोन हलला, बाक अंगाखाली थरथरला, पण कानात इंजिनाचा एक कण आला नाही.

चार महिन्यांत पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले.

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. विलंबित संपून लय वाढू लागली होती, तेव्हा समोर एक पांढरा ठिपका आला आणि थांबला. इतर ठिपके थांबत नव्हते. हा थांबला. वर काहीतरी तांबूस होतं, फेटा किंवा मुंडासं. वैजनाथला पुढचं ठाऊक होतं. सोन्यासारखा माणूस. फार लवकर गेले.

त्यानं डोळे मिटले. हा उपाय त्याला मागंच सापडला होता. डोळे मिटले की माणसं दोन मिनिटांत जातात.

बाक हलला. एका बाजूनं हलका झाला, मग पुन्हा जड झाला.

मग त्याच्या गुडघ्यावर एक हात आला.

खरखरीत होता, पँटीच्या कापडातून कळत होतं. तो थोपटत नव्हता. नुसताच ठेवलेला होता. वैजनाथला वाटलं, डोळे उघडावेत. पण डोळे उघडले की हेडफोन काढावा लागणार, आणि काढला की तीच तीन वाक्यं. शिवाय बत्तीस मिनिटं पुरी व्हायची होती, आणि शेजारी नाना बघत होते. त्यानं डोळे मिटूनच ठेवले. मान मात्र हलवली. एकदा, दोनदा. हो, हो.

हात बराच वेळ राहिला. मधून तो किंचित दाबला जायचा, पुन्हा सैल व्हायचा.

मग तो उचलला गेला.

वादन तिहाईवर येऊन संपलं. वैजनाथनं हेडफोन गळ्यात घेतला, चष्मा लावला आणि स्टँड एकदम आपल्या सगळ्या कलकलाटासह परत आलं. शेंगदाणेवाला, कॉलेजची पोरं, कुणाची तरी कोंबडी. शेजारी नाना नव्हते. ते पंधरा पावलांवर, पाण्याच्या टाकीपाशी पाठ करून उभे होते. वैजनाथनं हाक मारल्यावर ते वळले आणि सावकाश येऊन बसले.

"काहीच आलं नाही आत," वैजनाथ म्हणाला. आवाजात जिंकल्याचा थोडा ताठा होताच. "इंजिनसुद्धा नाही. माणसाचा आवाज तर अजिबात नाही."

"अजिबात?"

"अजिबात. आणि बाहेर?"

"बाहेरही काही आलं नाही," नाना म्हणाले. "उत्तम वस्तू आहे."

"पण तुम्ही उठून तिकडं का गेलात?"

"जागा दिली."

"कुणाला?"

"करंजवड्याच्या गेनू शेलाराला."

वैजनाथनं आठवून पाहिलं. "मी नाही ओळखत."

"तोही तुला ओळखत नव्हता. विचारत विचारत सोमवारी देवळात आला. ताटेसाहेबांच्या मुलाला गाठायचंय म्हणाला. दोन खेपा इथं येऊन तुझ्यापुढं उभा राहून गेलाय. तुझ्या कानात वायर. शहाणी माणसं असतील, कामात असतील, म्हणून परत गेला." नानांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी म्हटलं, शुक्रवारी ये. मी असतो."

"काय काम होतं त्याचं?"

नाना त्याच्याकडे बघत राहिले.

"नाना..."

"पाणी त्यानं दिलं होतं."

वैजनाथनं गुडघ्याकडे पाहिलं. पँटीवर, जिथं हात होता तिथं, थोडी तांबडी माती लागली होती.

"काय म्हणाला तो?"

नाना काठीची मूठ चोळत राहिले.

"नाना, काय म्हणाला?"

"ते तुला सांगायला आला होता."

"पण तुम्ही इथंच होतात."

"तो बोलायला लागला तसा मी उठलो. ते माझं नव्हतं."

"म्हणजे तुम्हीही..." वैजनाथनं हेडफोन गळ्यातून ओढून काढला. "म्हणजे कुणीच ऐकलं नाही? तो बोलला आणि कुणीच..."

"तू मान हलवत होतास. त्याला वाटलं, ऐकतोयस. सगळं सांगून झालं तसा उठला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, पोरगं शहाणं आहे, डोळे मिटून ऐकलं, एका शब्दानं मध्ये बोललं नाही. आता माझं ओझं उतरलं."

वैजनाथनं दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. ज्या बाकावर बसले होते तो केबिनच्या बाहेरचाच होता. चार महिने तो त्या बाकावर बसत नव्हता. आज प्रकाश बघून, फलाट बघून, परीक्षेला सोयीची जागा म्हणून बसला होता.

"तुम्ही मला हलवायचं होतंत," तो म्हणाला. "एक हात लावायचा होतात, नाना. एवढं माझं... तुम्हाला माहीत होतं."

"हात होता की गुडघ्यावर."

"तो तुमचा नव्हता."

"नव्हता," नाना म्हणाले.

वर खांबावरच्या कर्ण्यात खरखर झाली. मग एका बाईचा आवाज आला. जरा घाईत बोलणारा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. वैजनाथनं मान वर केली. हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. बाई सांगत होत्या की करंजवड्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर उभी आहे आणि पाच मिनिटांत सुटेल.

"आता पुन्हा कधी येईल तो?" वैजनाथनं विचारलं.

"मी सांगितलं, पुन्हा यायची गरज नाही."

"का?"

"त्याचं सांगून झालंय. आता तुझं ऐकायचं राहिलंय."

वैजनाथ उठला. त्याची स्वतःची गाडी तीन नंबरवर लागत होती. ओळखीच्या कंडक्टरनं दारातून त्याला हात केला. पहिला तास दहाचा होता. त्यानं कंडक्टरकडे पाहिलं आणि सहा नंबरकडे पाहिलं. तिथं चौथ्या की पाचव्या खिडकीत एक तांबूस मुंडासं दिसत होतं. चष्म्यातून आता स्पष्ट दिसत होतं: सत्तरीचा माणूस, मांडीवर पिशवी, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलेला. हलकं झालेलं माणूस जसं बसतं तसा.

"मी काय म्हणू त्याला?" तो म्हणाला. "त्यानं सगळं सांगितलंय. मी मान हलवलीय. आता जाऊन म्हणू, मला काही ऐकू आलं नाही? पुन्हा सांगा?"

"हो."

"त्याला काय वाटेल?"

"वाईट."

"आणि पुन्हा सांगितलं नाही तर?"

नानांनी टोपी सारखी केली.

सहा नंबरवर ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं. तो खालचा, घरघरता आवाज फरशीवरून सगळीकडे पसरला; कुणाचंच बोलणं धड ऐकू येईना. वैजनाथ धावला नाही. मोठ्या माणसासारखा, भरभर चालत गेला. चार पावलांवर थांबून त्यानं मागं वळून पाहिलं, जणू अजून काहीतरी विचारायचं होतं.

नानांनी काठीनं गाडीचं दार दाखवलं.

"हळू बोलतो तो," ते म्हणाले. "जवळ जाऊन बस."